घरातली शाळा आणि गावातली शाळा

अलीकडे आपल्याकडेही ‘होमस्कूलिंग’ हा शब्द कानावर पडू लागला आहे. मुलांना शाळेत न घालता आईवडिलांनी घरीच शिकवायचे, असा त्याचा साधा अर्थ. हे काहीतरी अमेरिकेहून आलेले नवे खूळ आहे, असे बहुतेकांना वाटते. शहरातील शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या लोकांची हौस, असेही म्हटले जाते. परंतु गोमंतकाचा इतिहास थोडा चाळला तर वेगळेच चित्र दिसते. आपल्या पूर्वजांपैकी ज्यांना लिहितावाचता येत होते, त्यांतील बहुतेक हिंदू मंडळी कित्येक पिढ्या घरीच शिकली. आपली मराठी जी टिकली ती मुख्यतः घराच्या सोप्यावर आणि देवळाच्या चौकात. फरक एवढाच, की तेव्हाच्या पालकांनी घर निवडले नव्हते. दुसरे काही नव्हतेच.

या घरातल्या शाळेने आपल्याला काय दिले आणि कोणाला काय दिले नाही, याचा हिशेब मांडावा असे बरेच दिवस मनात होते. आमच्या घरातही हा प्रश्न उभा राहिला आहे. त्याविषयी पुढे सांगतोच. आधी इतिहास पाहू.

घरी शिकणे ही गोष्ट फक्त गोव्यातली नव्हे. मद्रास इलाख्याचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने 1822 मध्ये आपल्या इलाख्यातील देशी शाळांची मोजणी करायचा हुकूम काढला. बहुतेक जिल्ह्यांतून फक्त शाळांचे आकडे आले. मद्रास शहराच्या कलेक्टरने मात्र घरी शिकणाऱ्या मुलांचीही गणती करून पाठवली. ती संख्या सव्वीस हजारांहून अधिक भरली, म्हणजे शाळेत जाणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट. शाळा मोजून त्या काळचे शिक्षण मोजता येत नाही, हे त्यावरून कळते. गोव्यात तर तशी गणतीही कोणी केली नाही. पण इथे घरी शिकण्याला जो इतिहास आहे, तो इतरत्र क्वचितच असेल.

पोर्तुगीज 1510 मध्ये आले तेव्हा तिसवाडी, बार्देश, साष्टी हा भाग काही निरक्षर नव्हता. साष्टीतील केळशीच्या कृष्णदास शामाने 1526 मध्ये मराठी ओवीत कृष्णचरित्र लिहायला घेतले. असा ग्रंथ लिहिणारा माणूस एकटा आभाळातून पडत नाही. त्याला शिकवणारे, त्याचे ऐकणारे, पोथी उतरून घेणारे लोक आसपास असावे लागतात. देऊळ हे त्या सगळ्याचे केंद्र होते. अग्रशाळेत उतरणारे शास्त्री, पुराणिक, कीर्तनकार हेच गावाचे शिक्षक.

1540 पासून तिसवाडीत आणि पुढे बार्देश-साष्टीत देवळे पाडली गेली आणि हे केंद्रच नाहीसे झाले. त्यानंतर एकामागून एक हुकूम निघाले. 1559 चा हुकूम आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या हिंदू मुलांचे आईबाप आणि आजीआजोबा हयात नाहीत, त्यांना ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात ठेवावे, बाप्तिस्मा देऊन तिथेच वाढवावे, असा तो होता. या कॉलेजची दुसरी ओळखही सांगायला हवी. हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 मध्ये तिथेच सुरू झाला. म्हणजे ज्या इमारतीत या देशात प्रथम पुस्तक छापले गेले, त्या इमारतीकडे हिंदू आईबाप धास्तीने पाहत असणार. शाळा म्हणजे मूल आपल्यापासून हिरावून नेणारी जागा, ही भीती आपल्याकडे अशी हुकमाने पेरली गेली.

त्या काळात जुन्या काबिजादीतून देव नदीपार नेले गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. देवांबरोबर माणसे गेली आणि माणसांबरोबर पोथ्या, पाट्या आणि शिकवणारेही गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती झालेल्या मुलांसाठी चर्चच्या शाळा होत्या. तिथे वाचन, प्रार्थना आणि संगीत शिकवले जाई. त्याच परंपरेतून फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला रोमी लिपीत छापले गेले आणि तेही मराठी ओवीत. हिंदूंना मात्र आपल्या मुलांना शिकवायला आडोसा शोधावा लागला. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने तर रयतेने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि आपली भाषा सोडावी असे फर्मान काढले. ते अमलात आले नाही. घरात, विहिरीवर, शेतात कोण काय बोलतो ते पाहायला शिपाई किती ठेवणार?

1763 ते 1788 या वर्षांत फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे गेले. त्यांना आपण नव्या काबिजादी म्हणतो. तोवर सरकारचे धोरण बदलले होते. इथल्या लोकांच्या धर्मात आणि रीतीरिवाजात हात घालणार नाही, असे वचन दिले गेले. त्यामुळे या महालांत देवळे राहिली, मोडी दप्तरे राहिली आणि घरातली शाळाही उजेडात आली.

ही शाळा कशी असे, हे जुन्या मंडळींकडून आपण ऐकलेले आहे. भाटकाराच्या किंवा एखाद्या सधन व्यापाऱ्याच्या घरी शिक्षक ठेवला जाई. त्याला कोणी पंतोजी म्हणत, बहुतेक ठिकाणी शेणवीमाम. त्याचे राहणे-जेवण त्या घरी आणि वरकड मोबदला भात, नारळ, धोतरजोडी असा. घरातली मुले आणि शेजारची दोनचार नातेवाइकांची मुले सोप्यावर बसत. प्रथम धुळाक्षरे, म्हणजे पाटावर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे. मग बोरू आणि शाई. बाळबोध आधी, मोडी नंतर. अंकांत पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीसुद्धा. दिवेलागणीला तुळशीपुढे पणती लावून झाली की परवचा. रात्री घरात पोथी लागे. श्रीधराचा ‘हरिविजय’, ‘रामविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’. वाचणारा एक आणि ऐकणारे घरभर. मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की त्याला पोथी वाचायला बसवायचे, हीच त्याची परीक्षा.

एक गोष्ट इथे नीट समजून घेतली पाहिजे. ही मुले घरात कोकणी बोलत आणि पाटीवर मराठी लिहीत. बोलायची भाषा एक आणि अक्षराची दुसरी. त्यात त्यांना काही अडचण वाटत नसे, कारण दोन्ही भाषा एकाच छपराखाली नांदत होत्या. पुढे या दोहोंवरून आपण जे भांडलो, ते शेणवीमामाला सांगून पटले नसते.

या शिक्षणाला व्यवहाराचे पाठबळ होते, हेही विसरू नये. मोडी येणाऱ्याला कुळकर्ण्याचे काम मिळे, दुकानाची वही लिहिता येई, देवस्थानाचा जमाखर्च ठेवता येई. पोर्तुगीज सरकारलाही मराठ्यांशी पत्रव्यवहार करायला मराठी जाणणारे दुभाषे आणि वकील लागत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी 1952 मध्ये पोर्तुगीज भाषेत या हिंदू वकिलांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1931 पासून तीस वर्षे गोवा पुराभिलेखागार सांभाळलेल्या या संशोधकाने कागदांतून ही माणसे उभी केली आहेत. पुण्याच्या दरबारात ज्यांचा शब्द ऐकला जाई, त्यांची मराठी कोणत्याही सरकारी शाळेत घडलेली नव्हती. पोर्तुगीज राजवटीचे राजकारण कित्येकदा अशा घरी शिकलेल्या माणसांच्या लेखणीवर चालले.

इथवर वाचून आपली छाती फुगते. माझीही फुगली. पण हिशेब अर्धाच झाला आहे.

या घरातल्या शाळेत कोण बसत होते? ज्याचे घर, त्याची मुले. भाटकाराच्या सोप्यावर भाटकाराचे मुलगे. त्याच घराच्या अंगणात नारळ सोलायला, भात मळायला येणाऱ्या मुंडकाराची मुले सोप्याची पायरी चढत नसत. अक्षर कानावर पडले तर पडले. बहुजन समाजाने मराठी राखली ती वेगळ्या वाटेने. भजनातून, दशावतारी काल्यातून, रणमाल्यातून आणि धालोच्या गीतांतून. शेकडो ओव्या तोंडपाठ असलेला माणूस सावकाराच्या कागदावर मात्र अंगठा उठवत असे. तोंडात भाषा होती, हातात अक्षर नव्हते. आणि कागदावर काय लिहिले आहे ते न कळल्यामुळे जमिनी गेल्या.

मुलींचे तर काय सांगावे. ‘बऱ्या’ घरच्या मुलीला अक्षर शिकवणे अशुभ मानत. तिने पोथी ऐकावी, वाचू नये. उलट कलावंतांच्या घरी मुलीला लहानपणापासून शिकवणी असे. गाणे, ताल आणि पदे. केरीच्या केसरबाई केरकर (जन्म 1892) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (जन्म 1904) या हिंदुस्थानी संगीतातल्या थोर गायिका याच समाजाने दिल्या. त्यांच्या घरांनी विद्या दिली, पण त्याच घरांनी मुलीची पुढची वाटही आखून ठेवलेली असे. त्या चाकोरीतून बाहेर पडायला मोगूबाईंना गोवा सोडून सांगली, मुंबई गाठावी लागली. घर जे शिकवते ते आपलेच शिकवते. सोनाराचे घर सोनारकी देते, भटाचे घर भटपण देते, मुंडकाराचे घर मुंडकारपण देते. घराची ही मर्यादा घरात बसून दिसत नाही.

त्या काळात घर हे नाइलाज म्हणून नव्हे तर समजून-उमजून निवडणारे आईबाप मराठी मुलखाच्या कडेला होऊन गेले. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. त्यावरून ब्रह्मवृंद खवळला. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे शास्त्रीबुवांना आपली बाजू मांडावी लागली. शेवटी लोकांची कटकट नको म्हणून ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे 1858 मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. वडील थकलेले, म्हणून आठव्या वर्षापासून आईनेच त्यांना शिकवले. दिवसभर घरकामाचा रगाडा असल्यामुळे पहाटे, पाखरे जागी व्हायच्या सुमारास, आई झोपेतल्या मुलीला उठवून जवळ घ्यायची आणि पाठ द्यायची. आपल्या भाषेतल्या घरी शिकवण्याच्या कहाण्यांत याहून सुंदर कहाणी मला ठाऊक नाही.

आणि याहून दुःखद कहाणीही नाही. पुढे दुष्काळ पडला. ज्ञान होते, पण पोट भरायचे कोणतेच शिक्षण या कुटुंबाकडे नव्हते. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज, आणि शास्त्रीबुवांना इंग्रजी विद्येचा विटाळ. 1874 मध्ये वडील गेले, मागोमाग आई आणि बहीण. भावंडे दोघेच देशभर पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे रमाबाईंच्या संस्कृतने विद्वान थक्क झाले आणि त्यांना ‘पंडिता’, ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. ज्या बाईला घराने एवढे दिले, तिने पुढे काय केले? 1889 मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ ही शाळा काढली. ज्यांना शिकवणारी आई नाही, ज्यांच्या घराने त्यांना कोपऱ्यात बसवले, अशा विधवांसाठी आणि मुलींसाठी. स्वतःला लाभलेले घर प्रत्येकीला लाभत नाही, हे त्यांना कळले होते.

आपल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचेही तसेच. 1876 चा त्यांचा जन्म. प्रकृती नाजूक, शाळा जेमतेम, वडिलोपार्जित भाट सांभाळायची जबाबदारी. जे काही शिकले ते मराठी पुस्तके वाचून. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेला बुद्धचरित्रावरचा लेख त्यांच्या हाती पडला आणि या माणसाचे आयुष्य बदलले. 1899 मध्ये घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट करत पाली आणि बौद्ध धर्माचा अभ्यास केला. शाळेचे प्रमाणपत्र नसलेला हा गोमंतकीय पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम करीत होता. घरशाळेचे समर्थक त्यांचे नाव नेहमी घेतील आणि घ्यावेच. पण त्यांचे ‘निवेदन’ वाचले की ध्यानात येते, की हा माणूस सारा जन्म गुरू शोधत फिरला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात तो विद्यार्थी म्हणून बसला. पुढे स्वतः फर्ग्युसन कॉलेजात, गुजरात विद्यापीठात शिकवले. आणि मुलाला, दामोदरला, घरी ठेवले नाही. तो हार्वर्डहून 1929 मध्ये पदवी घेऊन आला आणि गणिती व इतिहासकार म्हणून जगभर नावाजला गेला.

घरातून शाळेकडे जाण्याचा आपल्या समाजाचा प्रवास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. पणजीचे लिसेव 1854 पासून होते, पण ते पोर्तुगीज माध्यमाचे आणि मोजक्यांच्या आवाक्यातले. 1908 मध्ये पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली. तिच्या नावातच तिची कथा आहे. मुष्टी म्हणजे मूठ. घरोघरी रोजच्या भाताच्या तांदळांतून मूठभर बाजूला काढायचे आणि त्यातून मराठी शाळा चालवायची. मला हे फार मोलाचे वाटते. आधी घर आपल्या मुलासाठी पंतोजी ठेवत होते. आता तेच घर दुसऱ्याच्या मुलासाठी मूठभर तांदूळ देऊ लागले.

5 ऑक्टोबर 1910 रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, पाठोपाठ धर्म आणि राज्य वेगळे झाले आणि गोव्यातील हिंदूंना बरोबरीचे नागरिकत्व मिळाले. लगेच 1911 मध्ये फोंड्याला आल्मेदा हायस्कूल उभे राहिले. प्रजासत्ताकाच्या एका नेत्याचे, आंतोनियु जुझे द आल्मेदा याचे, नाव त्याला दिले गेले. दादा वैद्यांसारखी माणसे त्यामागे होती. वाचनालये निघाली, गावोगाव खासगी मराठी शाळा निघाल्या. 1930 नंतर सालाझारच्या राजवटीने पुन्हा फास आवळला. तरी त्या शाळा तगल्या. पण तगल्या म्हणजे सर्वांपर्यंत पोहोचल्या असे नाही. मुक्तीच्या वेळी गोव्यात दर तीन माणसांत जेमतेम एकाला लिहितावाचता येत होते. साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा हा ताळेबंद, आणि त्यातली एक ओळ आपल्या घरातल्या शाळेच्या नावावरही लिहावी लागेल.

डिसेंबर 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. इमारत नसेल तर देवळात, देवळात नसेल तर कोणाच्या पडवीत. शिक्षक कमी पडले तेव्हा शेजारच्या महाराष्ट्रातून आले. भाऊसाहेबांच्या राजकारणाबद्दल, विलीनीकरणाबद्दल कोणाची काहीही मते असोत. मुंडकाराचे पोर आणि भाटकाराचे पोर एका बाकावर बसले ते या शाळांत. 2011 च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88.70 टक्के झाली. हे काम घर करू शकले नसते.

माझी आई त्या बाकावरची आहे. तिचे वडील डिचोली तालुक्यात एका भाटकाराचे मुंडकार. त्या घरी शेणवीमाम येत असे ते आजोबांनी लांबून पाहिले होते. आईचा जन्म 1953 चा. गावात शाळा आली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती आणि सहा वर्षांच्या मुलांबरोबर पहिलीत बसली. चौथीपर्यंत शिकली. आजही ती दुपारी चष्मा लावून वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचते.

आता आमच्या घरचा प्रश्न सांगतो. 1990 मध्ये सरकारने फक्त स्थानिक भाषांतील प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे धोरण आणले. 2011 मध्ये ते बदलून इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले झाले. हळूहळू आमच्या गावातील मुले तालुक्याच्या शाळांकडे वळली. पट दहाच्या आत आला आणि आई जिथे शिकली ती शाळा बंद झाली. कोविडच्या काळात, 2020 आणि 2021 मध्ये, माझी धाकटी मुलगी घरीच अक्षरे शिकली, मराठीतून. तिला ती गोडीने आली. शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा आमच्यापुढे पर्याय होता तो सकाळी पावणेसातच्या बसने दूरच्या शाळेत जाण्याचा. वर्षभर पाठवली. ती घरी येऊन गप्प बसू लागली आणि पुस्तक टाळू लागली. मग पत्नीने आणि मी ठरवले, की काही वर्षे तिला घरीच शिकवायचे.

कायदाही पाहून घेतला, नोकरीच तशी असल्यामुळे ती सवय आहे. 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमानुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. न केल्यास शिक्षा मात्र सांगितलेली नाही आणि घरशाळेचा त्यात उल्लेख नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा वर्षांच्या पुढे दहावीची परीक्षा देता येते. म्हणजे वाट आहे, पण ती कायद्याने आखून दिलेली नाही, पायवाट आहे.

आईला हे सांगितले तेव्हा ती कोकणीतच म्हणाली, “आमकां शाळा मेळ्ळी म्हूण तूं आयज कचेरींत बसता.” एवढेच. त्यावर मी युक्तिवाद केला नाही. तिला शाळा म्हणजे केवळ अक्षर नव्हते. भाटकाराच्या अंगणातून उठून दुसऱ्या कोणाच्या तरी समोर, नाव पुकारले की ‘हजर’ म्हणायचा तो हक्क होता. आमच्या निर्णयात तिला तो हक्क परत दिल्यासारखे वाटत होते.

तिच्या म्हणण्यामुळेच मी हा सगळा इतिहास पुन्हा वाचायला घेतला आणि त्यातून आमच्यापुरते काही ठरवले. एक, मुलगी फक्त आमच्याकडून शिकणार नाही. आईबापांना जे येत नाही ते शिकायला ती बाहेर जाईल. गणितासाठी एका निवृत्त शिक्षकांकडे, तबल्यासाठी देवळातल्या भजनी मंडळाच्या बुवांकडे आणि शनिवारी तालुक्याच्या वाचनालयात. दोन, आमच्या सोप्यावर ती एकटी बसणार नाही. वाड्यावरची चार-पाच मुले संध्याकाळी मराठी वाचायला येतात. त्यांत बाहेरून कामाला आलेल्या एका कुटुंबाची दोन मुलेही आहेत. त्यांची भाषा कन्नड. तीन, पोटापाण्याच्या विद्येला विटाळ मानायचा नाही. इंग्रजी आणि संगणक हेही आठवड्याच्या वेळापत्रकात आहेत. चार, दर वर्षाच्या शेवटी तिला विचारायचे. ती शाळेत जाते म्हणाली तर दुसऱ्या दिवशी दाखला. आईने यावर मान डोलावली नाही, पण संध्याकाळच्या मुलांना पाढे म्हणून घ्यायचे काम तिने आपणहून पत्करले आहे. पावकी-निमकी तिला येत नाही. तिच्या शाळेत ती शिकवत नसत.

घरशाळा चांगली की वाईट, असा प्रश्न मला आता पडत नाही. आपल्या गोव्यात तिने एका काळी भाषा वाचवली आणि त्याच काळी बहुतेकांना दाराबाहेर ठेवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या आईबापांना आज ही वाट घ्यावीशी वाटते त्यांनी शेणवीमामाचा अभिमान जरूर बाळगावा. पण अंगणात कोण उभे आहे तेही पाहावे. आणि जे ही वाट घेणार नाहीत, त्यांनी निदान आपल्या गावातली शाळा चालू आहे ना, तिचा पट किती आहे, याची चौकशी करावी. मुष्टिफंडाची मूठ देणाऱ्या कित्येक घरांत तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाचे मूल नसेलही. तरी त्यांनी तांदूळ दिले.